व्हेर्गानीचं हाउसिंग

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

माफ कर. सात महिने एक अक्षर नाही. मागची नोंद जुलैची, आणि तिचं शेवटचं वाक्य — ‘उद्यापासून रोज लिहीन.’ वाचून लाज वाटली. कारण काही मोठं नव्हतं. आधी कंपनीत ऑडिट, मग तेजस्विनीची ॲडमिशन, मग नुसता आळस. आळसाला कारण म्हणू नये खरं तर. खोडत नाही, राहू दे.

आज शेखरदादाने बोलावलं होतं. गंगापूर रोडला, त्याच्या बंगल्यावर. दादा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मित्र, आता साठीला आला. त्याच्या मागच्या शेडमध्ये ती लाल गाडी लहानपणापासून पाहतेय — कमरेएवढी उंच, दोन माणसांची, दार म्हणावं असं काही नाही, इंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागे. आम्ही तिला ‘बेडूक’ म्हणायचो. आज कळलं की बेडकाचं नाव व्हेर्गानी. १९६९ ची. इटलीतल्या एका लहानशा कारखान्याने शर्यतीसाठी बनवलेला प्रोटोटाइप. म्हणजे विकायला नव्हे, करून पाहायला. सगळ्या मिळून सातच. ही चौथी.

दादा सहा वर्षं ती दुरुस्त करतोय. सप्टेंबरमध्ये इटलीत जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. ज्या डोंगररस्त्यावर ही गाडी एकदा पहिली आली, त्याच रस्त्यावर पुन्हा चालवायची. दादाला दुसरं काही दिसत नाही! पण तिथल्या क्लबला गाडीचं सगळं दप्तर हवं — कशी घडली, कुठे धावली, कुठला भाग कधी बदलला. आणि अट एक : इंजिनचा ब्लॉक आणि गिअरबॉक्सचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं ओतीव कवच, कारखान्याचंच पाहिजे. नसेल तर प्रवेश नाही.

“उजू, तू इन्स्पेक्शनवाली. तुझ्याइतकं नीट कोण लिहिणार?”

मला हो म्हणायला अर्धं मिनिटही लागलं नाही. स्तुतीला मी इतकी लवकर विरघळते हे चांगलं नाही.

१२ फेब्रुवारी

क्लबने जुने कागद पाठवलेत. तेजस्विनी फोनवर भाषांतर करून देते, मी लिहून घेते. फोन कधीकधी भलतंच सांगतो. ‘मागची टांग जळाली’ — ते सायलेन्सर निघालं.

दोन भाऊ व्हेर्गानी. शेतीच्या पंपांचा कारखाना. थोरला पंप विकायचा, धाकटा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या बनवायचा. वाचताना सारखा नाशिकच्या अंबड एमआयडीसीचा भास होतो. आमच्या कंपनीच्या लेनमध्येही असा एक धाकटा भाऊ सापडेलच.

पहिली गाडी १९६६ ची. इंजिन इतकं तापायचं की चालवणाऱ्याच्या पाठीला फोड आले. दुसरीत रेडिएटर दोन्ही कुशींना नेले — फोड थांबले, वजन वाढलं. तिसरीला दोन लिटरचं नवं इंजिन. ती पावसात भिंतीवर गेली, पुन्हा उभी राहिली नाही. चौथ्या वेळी धाकट्याने ठरवलं की बाहेरून आणलेला गिअरबॉक्स जड आहे, आपला आपण ओतायचा. पंपांची फाउंड्री, म्हणजे ओतशाळा, होतीच. हाउसिंग नऊ किलोंनी हलकं झालं. तीच आपली गाडी.

कागदाच्या कडेला कोणीतरी पेन्सिलने लिहिलंय. तेजस्विनी म्हणाली, “आई, इथे लिहिलंय — भावाला सांगू नका.”

१६ फेब्रुवारी, रविवार

शर्यतींचा तक्ता पूर्ण. चौथ्या गाडीच्या एकूण अकरा शर्यती. पुऱ्या केल्या चार. सात अर्धवट.

दादाला फक्त चार हव्या होत्या. “अर्धवट कशाला लिहायच्या? ते आपल्याला घेतील का?”

मी म्हटलं, त्यांच्याकडे आहेत की सगळ्या. आपण लपवल्या तर चारही खोट्या वाटतील. कुरकुरत तयार झाला.

मला मात्र त्या सातच जास्त आवडल्या. पहिली शर्यत : तिसऱ्या फेरीत हाउसिंगला तडा, तेल रस्त्यावर. दुसरी : तडा. तिसरी : आठ तासांपैकी सात तास वीस मिनिटं धावली, मग तडा! चालवणारा गाडी ढकलत रेषेपर्यंत आला तर म्हणे पंचांनी मोजलीच नाही. चौथी सोडली ब्रेकमुळे. पाचवी आणि सहावी पुन्हा तडा. मग १९७० च्या हिवाळ्यात धाकट्याने हाउसिंगवर बाहेरून पाच फासळ्या घेतल्या — करंगळीएवढ्या जाड. वजन फक्त सातशे ग्रॅमने वाढलं. त्यानंतर तडा एकदाही नाही. पाचपैकी चार शर्यती पुऱ्या, एक अपघातात गेली. आणि जून १९७१ मध्ये डोंगरावर तिच्या गटात पहिली. सव्वासहा मिनिटं.

पाच फासळ्या! एवढंच कमी होतं. पण ते कळायला पाच तडे जावे लागले.

१९७२ मध्ये थोरल्याने शेडला कुलूप घातलं. गाडी विकली गेली, मद्रासकडच्या एका शर्यतीसाठी भारतात आली, कागदपत्रांच्या भानगडीत परत गेलीच नाही. १९७८ मध्ये मुंबईच्या एका गॅरेजमधून दादाच्या वडिलांनी घेतली. ते, म्हणजे भाऊसाहेब, नामपूरचे, कांद्याचे व्यापारी. गावात म्हणे आठवडाभर लोक बघायला येत होते.

भारतातली नोंद एकच : १९८४, गिअरबॉक्सच्या दुरुस्तीसाठी हाउसिंग अंबडच्या एका फाउंड्रीत, बारा दिवस. ती फाउंड्री आता नाही.

१७ फेब्रुवारी

महेश म्हणाला, “घरात एवढी चौकशी माझी कधी झाली नाही.” त्याला पाच फासळ्यांचं सांगायला गेले तर झोपला.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मोजमाप. क्लबने कारखान्याच्या मूळ ड्रॉइंगची प्रत पाठवली होती. गाडीचं माप त्याच्याशी ताडून लिहायचं. ब्लॉक बरोबर निघाला. गिअरबॉक्स खाली काढून टेबलावर ठेवलेला.

वाल्मीकनानाही आले होते. नाना नामपूरचे, अंबडमध्ये चाळीस वर्षं मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करणारे. आता चौऱ्याहत्तर, परत गावीच राहतात. इटलीच्या डोंगरावर तडा गेलाच तर हाताशी असावं म्हणून दादाला एक जादा हाउसिंग ओतून घ्यायचंय. त्यासाठी नाना लाकडी पॅटर्न बनवणार — म्हणजे वाळूत ज्याचा ठसा उठवतात तो नमुना. सोबत कापडी पिशवी, तिच्यात त्यांची अवजारं. हात अजून घट्ट. मला म्हणाले, “तू कंपनीत काय करती ताई?” सांगितलं, बनलेला माल तपासते. “म्हंजे आमच्या चुका काढती,” म्हणाले आणि स्वतःच हसले. मग दादाने चहाला आत नेलं.

मी मोजत बसले. माझा व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाचं साधन, आठ इंची. बेअरिंगची भोकं त्याने मोजली, ड्रॉइंगबरहुकूम. मोठी लांबी मात्र त्यात मावेना, तेव्हा टेबलावरची दोन फुटी पोलादी पट्टी घेतली.

ड्रॉइंगमध्ये ४१७. पट्टीवर चारशे बारालाही थोडं कमी.
ड्रॉइंगमध्ये ३३५. पट्टीवर तीनशे एकतीसच्या आत.
ड्रॉइंगमध्ये २६८. पट्टीवर दोनशे साडेचौसष्ट.

पुन्हा मोजलं. तेच.

दादाला काही बोलले नाही. घाईघाईत सामान भरून निघाले.

२४ फेब्रुवारी

आकडे मांडून पाहिले. प्रत्येक ठिकाणी हजारी तेरा कमी. कुठे जास्त, कुठे कमी असं नाही — सगळीकडे सारखंच. म्हणजे झीज नाही. हे दुसरंच काही आहे.

आमच्या कंपनीत ओतकाम बाहेरून येतं, त्यामुळे एवढं ठाऊक आहे : ॲल्युमिनियम ओतलं की थंड होताना आकसतं. हजारी तेरा. म्हणून पॅटर्न नेहमी तेवढा मोठा करावा लागतो. आणि कोणी आळस करून, पॅटर्न न बनवता, तयार वस्तूचाच वाळूत ठसा घेतला तर? नवी वस्तू जुनीपेक्षा बरोबर हजारी तेरा लहान निघते.

म्हणजे टेबलावरचं हाउसिंग मूळचं नाही. मूळ हाउसिंगवरून ठसा घेऊन ओतलेली नक्कल आहे ती.

भोकांचं माप बरोबर होतं, त्याचं काय? ती मशीनवर कापतात, ती मापात येणारच. सगळं जुळतं. इतकं जुळतं की आनंद झाला — अगदी खरं लिहायचं तर आनंदच झाला. कोडं सुटल्याचा. मग आठवलं, १९८४. अंबड. बारा दिवस. दादाने मागे सांगितलं होतं की त्या फाउंड्रीत मोल्डर कोण होतं. नाना.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी. सकाळी दादाकडे गेले आणि सांगितलं.

सांगावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. गप्प राहिले असते तर दादा खुशाल इटलीला गेला असता. पण खोट्या दप्तरावर माझी सही असती. म्हणून सांगितलं. हे कारण पुरेसं आहे ना? की आपल्याला कळलंय हे कोणाला तरी सांगायचंच होतं?

दादा उठून हाउसिंगजवळ गेला. मग म्हणाला, “म्हणजे मूळ हाउसिंग फाउंड्रीतून बाहेर विकलं कोणीतरी. आणि आम्हाला नक्कल.”

मी म्हटलं, ते मला माहीत नाही. माप एवढंच सांगतं की हे लहान आहे.

“मापाने अजून काय सांगायचं राहिलं!”

२ मार्च, रविवार

दादाने नानांना बोलावून घेतलं. मला म्हणाला, तू समोर हवीस.

नाना पिशवीत लाकडाचे तुकडे घेऊन आले होते. पॅटर्नचं काम सुरू केलेलं. दादाने बसाही म्हटलं नाही. “नाना, चौऱ्याऐंशी साली हाउसिंग तुमच्याकडे आलं होतं. गेलं तेच परत आलं का?”

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी कागद पुढे केला, आकडे वाचून दाखवले. माझा आवाज ऑडिटच्या वेळी लागतो तसा लागला होता. तो मला आवडत नाही, पण तोच लागला.

“किती कमी?” नानांनी विचारलं.

“हजारी तेरा.”

“सगळीकडं?”

“सगळीकडे.”

“हजारी तेरा,” ते पुन्हा म्हणाले. उठले, हाउसिंगजवळ गेले, त्या पाच फासळ्यांवरून अंगठा फिरवला. एकेका फासळीवरून. चेहरा असा झाला की मी खाली पाहिलं.

दादा म्हणाला, “हो की नाही एवढं सांगा, नाना! भाऊसाहेबांनी तुम्हाला घरचं माणूस मानलं होतं.”

“काय सांगू? कागद सांगतोय ना. मापाचा कागद खोटं कशाला बोलंल?”

आणि निघाले. लाकडाचे तुकडे तिथेच राहिले.

दादा म्हणाला, बघ, नाही म्हणाले नाहीत. मीही तेच म्हटलं. खरं आहे, नाही म्हणाले नाहीत. मग दिवसभर अन्न का जात नाहीये?

४ मार्च

क्लबला मेल पाठवला. ‘गिअरबॉक्सचं हाउसिंग मूळचं नसून १९८४ च्या सुमारास बदललेलं दिसतं.’ कोणाचं नाव घातलं नाही. दादाने स्वतः वाचून ‘पाठव’ म्हटलं. एवढं खरं मानायला हवं त्याचं. गाडीवर पांढरी चादर टाकलीय.

९ मार्च, रविवार

दादाचा फोन नाही. मीही केला नाही.

१६ मार्च, रविवार

हे शांतपणे लिहायचंय. जमेल तसं.

हॉलमधल्या शोकेसची काच जानेवारीत फुटली होती. आज महेशला एकदाची सवड झाली. माप घेऊन कॉलेज रोडच्या काचवाल्याकडून काच कापून आणली. बसवायला गेला तर आखूड. बोटभर फट!

काचवाल्याला फोन. इकडून महेश तापलेला — “अहो, पट्टीने मोजून चिठ्ठीवर लिहून दिलंय!” तिकडून काचवाला — “साहेब, चिठ्ठी माझ्यापुढेच आहे. पाचशे नव्वद लिहिलंय, पाचशे नव्वद कापलंय. टेप लावून बघा.” महेशने टेप लावला. काच पाचशे नव्वद, चोख. मग पुन्हा चौकट मोजली. टेपने सहाशे. पट्टीने पाचशे ब्याण्णव; बसायला दोन सोडून त्याने चिठ्ठीवर पाचशे नव्वद लिहिलं होतं.

“ही पट्टी कुठून आणलीस तू?” महेश म्हणाला. “तुझ्या बॅगेत होती.”

मी हातात घेतली. दोन फुटी, पोलादी. दादाच्या शेडमधली. त्या दिवशी घाईत सामानाबरोबर भरली गेली असणार. कडेला घासून पुसट झालेली अक्षरं, वाचता येत नाहीत. टेपशेजारी ठेवली. शंभरला शंभर नाही. पाचशेला पाचशे नाही. पट्टीचा प्रत्येक मिलिमीटर किंचित मोठा.

मोल्डरची वाढीव पट्टी! पॅटर्न बनवताना प्रत्येक माप वाढवत बसायला नको, म्हणून पट्टीच मोठी करतात. हजारी तेराने. मला हे माहीत आहे. वीस वर्षं माहीत आहे. नानांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली होती आणि मी तिने हाउसिंग मोजलं. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा त्याच पट्टीने.

माझा स्वतःचा व्हर्निअर सांगत होता की माप बरोबर आहे. त्याचं ऐकलं नाही, त्याला उत्तर शोधून दिलं.

महेश म्हणाला, “एवढं काय झालं? काच दुसरी आणू.”

१७ मार्च

कंपनीतून अर्धी रजा. मोठा व्हर्निअर घेऊन दादाकडे. चादर काढली, मोजलं. ४१७. ३३५. २६८. केसाचाही फरक नाही.

दादाला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. तो आधी हसला, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग गाडीभोवती दोन चकरा मारल्या. “म्हणजे मूळचंच! उजू, मूळचंच आहे!” मग एकदम थांबला. “नाना,” म्हणाला.

नानांना फोन लावला. उचलला नाही. चार वेळा.

त्यानंतर क्लबला दुसरा मेल. ‘माझ्या मापात चूक होती, चुकीचं कारण असं असं, हाउसिंग ड्रॉइंगशी तंतोतंत जुळतं, ते कारखान्याचंच आहे.’ पट्टीची गोष्ट सगळी लिहिली. दादा म्हणाला, एवढं कशाला, ते हसतील. हसू देत.

आता वाटतंय — इटलीला माफी आधी गेली, नामपूरला नंतर जाणार. हा क्रम बरोबर नव्हता.

२१ मार्च

क्लबचं उत्तर. प्रवेश मंजूर! अध्यक्षांनी लिहिलंय की त्यांचे वडीलही फाउंड्रीत होते आणि लहानपणी त्यांनी अशाच पट्टीने शाळेची भूमिती करून मार खाल्ला होता. दादाने पेढे पाठवले. व्हिसाचं चालू झालं. मी पेढा खाल्ला नाही.

२३ मार्च, रविवार

नामपूर. दादा येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. चूक माझी, आधी मी एकटीने जायचं. साडेदहाला पोचले.

घर बाजार समितीच्या मागे. चतुराबाई, नानांच्या बायको, अंगणात मिरच्या निवडत होत्या. नाव सांगताच चेहरा बदलला. “तूच का ती मापवाली? तीन हप्ता व्हयनात, यासले भाकर गोड लागत नही. रात-दिन एकच — मी चुकनू, मी चुकनू.”

नाना आतून आले. खांदे उतरलेले. मी पट्टी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं — चहा, टेबल, पट्टी, काच. काही गाळलं नाही. म्हटलं, नाना, मी तुम्हाला दादासमोर खोटं पाडलं, आणि मोजायची अक्कल मलाच नव्हती. पायाला हात लावला तर त्यांनी पाय ओढून घेतले. माझ्या माफीकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

“या पट्टीनं मोजलं तू?” एवढंच.

“हो.”

“आन् खऱ्या पट्टीनं? कितलं निंघनं?”

“चारशे सतरा.”

“कागदावर किती व्हतं?”

“चारशे सतरा.”

“दुसरं?”

“तीनशे पस्तीसला तीनशे पस्तीस. दोनशे अडुसष्टला दोनशे अडुसष्ट.”

“फासळ्या? फासळ्या मोजल्या का नाय?”

फासळ्याही मोजल्या होत्या. पाचही बरोबर. सांगितलं. नानांनी भिंतीला डोकं टेकवलं, डोळे मिटले. मग एकदम चतुराबाईंना हाक — “अवं, चहा टाक! आन् ताईला भाकर खाऊ घाल, तिले कोनी नाशिकात जेवाले देत नही वाटस!” चतुराबाई म्हणाल्या, “तीन हप्त्यानंतर याले भूक लागनी, आन् बोल मले!” पण उठल्या.

बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, वांग्याची भाजी. नाना माझ्याबरोबर दोन भाकरी जेवले. दादा बोलला ते विसरा, असं म्हणायला गेले तर म्हणाले, “शेखर पोरगं हाय. त्याचं काय एवढं नाय. मला लागलं ते मापाचं. चाळीस वर्सांत पट्टी इसरलो नाय कधी. तीन हप्ते डोसक्यात तेच — एवढ्या एकाच कामाला कसा इसरलो आसंल?”

मी म्हटलं, पण नाना, तुम्ही कुठे विसरला होता? विसरले मी.

ते माझ्याकडे पाहत राहिले. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाले, “खा. ठेचा घे अजून.”

येताना बसमध्ये हलकं वाटत होतं. माणसाला त्याचा खरेपणा परत दिला, असं काहीतरी मनात येत होतं. फार स्वतःचं कौतुक चाललं होतं.

२४ मार्च, सोमवार

संध्याकाळी नानांचा फोन. आपणहून.

“ताई, काल सांगायचं ऱ्हायलं. सांगत नव्हतो, पन आता ऱ्हावत नाय. ते हाउसिंग मीच ओतलंय.”

मी गॅस बंद केला. नाना सांगत गेले.

भाऊसाहेबांनी चौऱ्याऐंशीत गाडी सापुताऱ्याच्या घाटात नेली, दगडावर आदळली, हाउसिंगचे अकरा तुकडे झाले. शेखर पुण्याला कॉलेजात होता. त्याचा जीव गाडीवर. पोराला कळू देऊ नको, म्हणाले. नानांनी तुकडे जोडून मोजले, वाढीव पट्टीने पॅटर्न केला, जुने तुकडे त्याच भट्टीत वितळवून नवं ओतलं. बारा दिवस. कारखान्याचं ड्रॉइंग तेव्हा त्यांनी पाहिलेलंही नव्हतं.

“भाऊसायब गेले, मी शब्द पाळला. पन तू आता इटलीला लिहिलं ना की ते तिकडचं शे. ते माझं शे, ताई. बराबर निंघनं, आन् नाव तिकडचं.”

मी म्हटलं, नाना, हे कळवलं तर दादाची गाडी जाणार नाही.

“ठावं शे. म्हनून शेखरला मी सोता सांगतो. तू नको सांगू.”

माप बरोबर आलं म्हणजे ते मूळचं, हे मला कोणी सांगितलं होतं? मीच लिहिलं. सही करून.

नाना पहाटेच्या गाडीने निघतायत.

उद्या : साडेनऊला सीबीएस स्टँडवर नानांना घ्यायला जायचं.